साळवे, तिची कालवं आणि मी

सुजाता साळवेच्या शोकसभेत बोलायला इतकी माणसं उठली की चहा गार झाला. तिचे विद्यार्थी बोलले, आमच्या प्रयोगशाळेतले निवृत्त शिपाई बोलले, कोकणातून एसटीनं आलेल्या बायका बोलल्या. सगळ्यांनी तिच्या मायेबद्दल सांगितलं. मी तिच्या शेजारच्या खोलीत अख्खी नोकरी काढलेली बाई, पण मला कोणी बोला म्हणालं नाही. ते बरंच झालं, कारण मला तिच्या मायेबद्दल काही सांगता आलं नसतं. मी तिचा हेवा केला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मन लावून, एकही रजा न घेता. प्रेम करणारी माणसं अधूनमधून दुसरीकडे बघतात, हेवा करणाऱ्याला तेवढी उसंत नसते. त्यामुळे साळवे कशी होती हे त्या सभेतल्या कोणाहीपेक्षा मला जास्त ठाऊक आहे, असा माझा दावा आहे.

आम्ही दोघी पुण्यातल्या विषाणूंच्या प्रयोगशाळेत एकाच दिवशी रुजू झालो. निवड यादीत तिचं नाव पहिलं, माझं दुसरं. आमच्या शनिवार पेठेतल्या एका काकांनी "राखीव असेल गं" म्हणून माझं सांत्वन करायचा प्रयत्न केला. त्याचा उपयोग झाला नाही, कारण यादी गुणांची होती आणि दोघींचे गुण मी सूचनाफलकावर स्वतः वाचले होते. तिचे वडील खडकीला कारखान्यात फिटर. त्यांनी ऐन तरुणपणी दीक्षा घेतलेली, आणि तेव्हापासून त्या घरात वंदना आणि अभ्यास या दोन गोष्टींना सुट्टी नव्हती. माझ्या घरात तीन पिढ्या पदवीधर होत्या आणि दुसरी आले मी.

साळवे उंच होती. कडक इस्त्रीची सुती साडी आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट, हा तिचा बारा महिन्यांचा वेश. मी तसे बूट घातले असते तर लोक हसले असते. तिच्याकडे बघून दोन विद्यार्थिनी तसे बूट घालायला लागल्या. पर्समध्ये कंगव्याच्या जागी कालवं उघडायचा बोथट सुरा असायचा. आम्ही एकमेकींना आडनावानं हाक मारायचो आणि अगं-तुगं करायचो, त्यामुळे लोकांना आम्ही मैत्रिणी वाटायचो. मीही कधी ते खोडून काढलं नाही.

बाकी आम्ही सगळे माणसांच्या रोगांवर काम करत होतो. मी काविळीवर, कोणी डेंगीवर, कोणी मेंदूज्वरावर. साळवेनं कालवं घेतली. खडकाला चिकटून राहणारा, ना तोंड ना शेपूट असा तो शिंपल्यातला जीव. त्याला रोग होतो याची तरी कोणाला पर्वा, असं आमच्या तेव्हाच्या संचालकांनी तिला विचारलं. "त्याला आहे सर," ती म्हणाली. संचालक हसले आणि तिला मजल्यावरची कोपऱ्यातली खोली मिळाली. मी हेच उत्तर दिलं असतं तर मला उद्धट म्हणून कारणे दाखवा नोटीस मिळाली असती.

त्या खोलीचा वास जिन्यापर्यंत यायचा. मी शाकाहारी, आणि माझा डबा त्याच मजल्यावरच्या फ्रिजमध्ये. मी तक्रार केली. दुसऱ्या दिवशी फ्रिजवर तिच्या वळणदार अक्षरात पाटी लागली: "या फ्रिजमधील कालवे संशोधनासाठी आहेत. आपला डबा येथे ठेवल्यास त्यांना फोडणीचा वास लागतो." पेठेत जन्मलेली मी, आणि पाटी खडकीच्या बाईनं लिहावी, याचं मला वासापेक्षा जास्त वाईट वाटलं. ती पाटी बघायला खालच्या मजल्यावरून लोक यायचे.

तिच्या दोन लकबी मला विशेष खटकायच्या. एक म्हणजे कोणताही निकाल हातात आला की ती म्हणायची, "नमुना खोटं बोलत नाही. आणणारा बोलतो." दुसरी म्हणजे कोणतीही बाई भेटली की तिचा पहिला प्रश्न, "माहेर कुठलं?" कँटीनमध्ये भाजी निवडणारीला तोच प्रश्न, मंत्रालयातून आलेल्या सचिवबाईंना तोच, आणि परदेशी यंत्रं विकायला आलेल्या टाय लावलेल्या मुलीलाही तोच. मला ते फार गावंढळ वाटायचं. आमच्या पेठेत आडनाव विचारतात, आणि ते कळलं की पुढचं काही विचारावं लागत नाही. पण गंमत अशी की त्या प्रश्नानंतर सचिवबाई तिच्या खोलीत तासभर बसल्या आणि माझ्या खोलीत उभ्या उभ्या डोकावून गेल्या.

मग ते उदारीकरण आलं. आमच्याकडे विषाणू ओळखणारी नवी यंत्रं आली, गावात मोठाली हॉटेलं आली, आणि हॉटेलांत बर्फावर मांडलेली कालवं आली. साळवेनं कोकणातल्या एका खाडीवर बचत गटाच्या बायकांना कालवांची शेती शिकवली. पाण्यात बांबूचे तराफे सोडायचे, त्यांना दोर बांधायचे, दोरांवर कालवांची बी वाढवायची. खडकावर कोयता घेऊन पाय कापून घेणाऱ्या बायका आता दोर ओढून कालवं काढू लागल्या. ती महिन्यातून एकदा तिकडे जायची आणि परत आली की तिच्या अंगाला खाडीचा वास आणि तोंडावर मला न परवडणारा आनंद असायचा.

माझे यजमान खराडीच्या एका संगणक कंपनीत. त्यांच्या कंपनीचं वार्षिक जेवण एका मोठ्या हॉटेलात होतं आणि त्या हॉटेलानं, त्याच खाडीची कालवं घेत असल्यामुळे, साळवेला पाहुणी म्हणून बोलावलेलं. लग्नानंतर इतकी वर्षं झाली, यजमानांनी मला एकदाही विचारलं नव्हतं की तू दिवसभर करतेस काय. त्या दिवशी ते साळवेच्या शेजारी बसले आणि सूपपासून आइस्क्रीमपर्यंत तिला प्रश्न विचारत राहिले. तिनं ताटलीतलं एक कालव उचललं, शिंपल्यावर नखानं टकटक केलं. "जिवंत असलं की टकटक केल्यावर तोंड मिटतं," ती म्हणाली. "माणसांचं उलट आहे." यजमान हसले, सगळं टेबल हसलं. घरी येताना गाडीत ते म्हणाले की तुझी मैत्रीण फार हुशार आहे. मी टकटक न करताच तोंड मिटून बसले होते.

त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात खाडीवरून फोन आला की कालवं मरताहेत. एखाददुसरं नाही, दोरच्या दोर. शिंपले आ वासून लटकताहेत आणि आत नुसता चिकट घाण गाळ. आठवड्याभरात निम्मी शेती गेली. मग शेजारच्या खाड्यांतूनही तसेच फोन यायला लागले. आमचे नवे संचालक तोलून बोलणारे गृहस्थ. त्यांनी साळवेला बोलावून सांगितलं की ही शेती उभी राहिली तर ठीक, नाहीतर तिच्या खोलीत संगणक बसवायचे आहेत. म्हणजे तिचं आयुष्यभराचं काम आणि त्या बायकांच्या घरातली चूल, दोन्ही एकाच दोराला लटकत होतं. त्या बायकांना पाण्यात उतरवलं होतं तिनंच.

खाडीच्या वरच्या अंगाला एक कारखाना होता, त्यामुळे सगळ्यांनी कारखान्यावर बोट ठेवलं. पाणी माझ्याकडे तपासायला आलं आणि त्यात काही सापडलं नाही. विषाणू साळवेनंच शोधला, मेलेल्या कालवांच्या मांसात. माणसाच्या ओठावर ताप आल्यावर फोड आणणारा जो विषाणू असतो, त्याच्या लांबच्या कुळातला. माणसाला निरुपद्रवी, कालवांचा काळ. पण तो एका खाडीतून दुसरीत कसा जातो हे तिला सांगता येईना. ते मी सांगणार होते. मी समुद्राच्या प्रवाहांचा अभ्यास केला, नव्या संगणकावर रंगीत नकाशे काढले आणि सगळ्यांसमोर पडद्यावर दाखवले की भरती-ओहोटीचं पाणी त्याला किनाऱ्यानं वर नेतं. सभा खूश झाली. साळवेनं एवढंच विचारलं की मधल्या दोन खाड्यांत एकही कालव मेलं नाही, तिथून पाणी गेलं नाही का. मी म्हटलं, अपवाद असतात.

चार दिवसांनी त्या बायकाच पुण्यात आल्या. रात्रभराचा प्रवास करून, बादलीत मेलेली कालवं घेऊन. पहारेकऱ्यानं त्यांना वासापायी फाटकावर अडवलं, तर साळवे स्वतः खाली जाऊन बादली उचलून आली. मला वाटलं होतं आता हिला शिव्या खाव्या लागणार, आणि खोटं कशाला बोलू, मी दाराशी उभी राहिले होते. त्यांच्यातली थोराड पार्वतीबाय पुढे झाली आणि तिनं साळवेच्या तोंडावरून हात फिरवला. कित्ती सुकलीस गो, म्हणाली. काविळीच्या साथीत मी गावंच्या गावं पालथी घातली आहेत. लोक मला मॅडम म्हणून खुर्ची देत आणि खुर्ची पुसून देत. तोंडावरून हात कोणी फिरवला नाही.

साळवेनं त्यांना व्हरांड्यात बसवलं, चहा मागवला आणि एकेकीला विचारायला सुरुवात केली, माहेर कुठलं. मी कपाळाला हात लावला. इकडे शेती बुडतेय आणि हिच्या चौकशा चालल्यात. एकीनं गावाचं नाव सांगितलं, दुसरीनं सांगितलं, तिसरीनं सांगितलं. तिसऱ्या नावाला साळवे उठून खोलीत गेली, माझा तो रंगीत नकाशा घेऊन आली आणि तिनं तो जमिनीवर पसरला. जिथे जिथे कालवं मेली होती तिथे तिथे या बायकांची माहेरं होती. मधल्या दोन खाड्यांत कोणाचंच नव्हतं.

मग पार्वतीबाय बोलली. मान खाली घालून, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. "मरतत ती बघून जीव रवना. म्हणान जिती होती ती म्हायारच्या खाडीत न्हेऊन बांधलंय."

सगळ्यांनी तेच केलं होतं. सासरचं पाणी बाधलंय म्हणून उरलेली चांगली कालवं ओल्या गोणपाटात गुंडाळून, एसटीनं, मांडीवर घेऊन, माहेरच्या पाण्यात नेऊन ठेवली होती. लेकरू आजारी पडलं की आजोळी नेतात तसं. वरून धडधाकट दिसणारी ती कालवं आतून विषाणू घेऊन गेली. एक तरुण बाई रडायला लागली, कारण तिच्या भावाची कालवंही तिनं नेलेल्या कालवांनी मेली होती. आता साळवे यांना झापणार असं मला वाटलं. मी असते तर झापलं असतं. ती म्हणाली, "माहेरी न्यायचं तर दुसरीकडे कुठे नेणार होता? आता एवढं करा. खाडीत बाहेरून काही आलं तर चालेल, खाडीतून काही जाता कामा नये. एक शिंपलासुद्धा नाही." त्या बायकांनी ते असं ऐकलं की पुढे कायदा झाला तोही कोणी तितका पाळला नाही.

माझे नकाशे त्या दिवसापासून कपाटावर पडले. माझा तिळपापड झाला तो नकाशे चुकले म्हणून नाही. ज्या प्रश्नाला मी इतकी वर्षं नाक मुरडत होते त्याच प्रश्नानं उत्तर काढलं, आणि तो विचारायला कुठलंही यंत्र लागत नव्हतं, म्हणून झाला.

सरकारी समितीचं म्हणणं पडलं की खाडीतलं होतं नव्हतं ते सगळं जाळा आणि ही शेती कायमची बंद करा. साळवे समितीशी भांडली. ती म्हणाली की इतक्या मरणातून जी कालवं वाचली ती का वाचली हे बघायला नको का? त्यांना जाळणं म्हणजे साथीतून उठलेल्या माणसाला स्मशानात नेणं. त्यांच्यापासून बी धरू द्या, ती बी तग धरेल. समितीनं नाखुशीनं एक मोसम दिला. साळवेनं त्याच तराफ्याला दोन प्रकारचे दोर लावले. एकावर वाचलेल्यांची पिल्लं, शेजारी बाहेरच्या निरोगी पाण्यातून आणलेली नवी बी. पुढचा उन्हाळा आला, आणि नवी बी मेली. वाचलेल्यांची पिल्लं जगली.

समिती म्हणाली, छान, पण नवी बी विषाणूनंच मेली कशावरून? यंदा ऊन जास्त होतं. पाणी मानवलं नसेल. विषाणू आलाच नसेल तर तुमची पिल्लं कशातून वाचली म्हणायची? प्रश्न रास्त होता, मलासुद्धा पडलेला. मेलेल्या बीमध्ये विषाणू सापडला तर साळवे खरी. नाही सापडला तर तराफे जाळायचे, आणि तिची खोली रिकामी करायची. तिच्या निवृत्तीला महिना राहिला होता.

तपासणी तिनं स्वतः करायची नाही असं समितीनं बजावलं होतं. तिचे विद्यार्थी मोठमोठ्या ठिकाणी होते, हैदराबादला, चेन्नईला. कोणीही आनंदानं केली असती. ती बर्फाची पेटी घेऊन माझ्या दारात आली.

मी विचारलं, माझ्याकडे का?

"कारण तू माझ्यावर जळतेस," ती म्हणाली. अगदी सहज, चहात साखर किती म्हणून सांगावं तसं. "बाकीचे माझ्यावर माया करतात. त्यांना हवं ते दिसेल. तू माझी चूक शोधशील, आणि कसून शोधशील. तुला जे सापडेल त्यावर कोणी शंका घेणार नाही."

माझे कान तापले. इतक्या वर्षांत मला वाटत होतं की हे फक्त माझं मला ठाऊक आहे. मी काहीतरी थातुरमातुर बोलायला लागले, तर ती म्हणाली, "अगं, असू दे. कामाला येतंय." आणि पेटी टेबलावर ठेवून गेली. माझा हेवासुद्धा तिनं वापरायला घेतला होता, आणि मला विचारायचीही गरज तिला वाटली नव्हती.

मी काम केलं. माझ्या आयुष्यात इतकं चोख काम मी दुसरं केलेलं नाही. प्रत्येक नमुना पुन्हा तपासला, पुन्हा रसायनं बदलून तपासला. जिवंत पिल्लांचेही नमुने शेजारी लावले. मला ती चुकायला हवी होती. मला त्या बायकांचे तराफे जळायला नको होते, हेही खरं आहे, पण ती एकदा चुकायला हवी होती. दोन्ही इच्छा एकाच पोटात होत्या आणि मी त्यांच्यात भांडण लावून दिलं नाही, कामाला लागले.

निवृत्तीनंतर साळवे त्या खाडीवरच राहायला गेली. पार्वतीबायच्या घरामागे खोली बांधून. मला दोनदा बोलावलं, मी गेले नाही. तिथे सगळे तिच्याभोवती गोळा झालेले बघायला एवढ्या लांब कोण जाईल? गेल्या पावसाळ्यात ती तिथेच वारली. त्यामुळे मी तिला शेवटचं म्हणावं असं नीट पाहिलं ते निकालाच्या दिवशीच.

दुपारची वेळ होती. अंधाऱ्या खोलीत दिव्याखाली मी शेवटचा निकाल बघत होते. मेलेल्या बीच्या एकूण एक नमुन्यात विषाणूची खूण उजळली. मोजूनमापून, स्वच्छ, वाद घालायला जागा नाही अशी. तो आला होता, नव्या बीला मारून गेला होता, आणि शेजारच्याच दोरावरची ती पिल्लं त्याच्या हाताला लागली नव्हती. मी पुन्हा एकदा बघितलं, चूक सापडतेय का म्हणून. नाही सापडली.

मी बाहेर आले. साळवे व्हरांड्यातल्या बाकावर बसून होती. सकाळपासून तिथेच असावी. आत येऊन विचारायचं नाही हे तिनं स्वतःच ठरवलेलं. बसल्या बसल्या तिला झोप लागली होती. मान भिंतीला टेकलेली, चष्मा घसरलेला, बूट काढून बाकाखाली ठेवलेले. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. झोपेत तिच्या कपाळावर एक आठी होती, जागेपणी ती मी कधी पाहिली नव्हती. ती घाबरलेली होती. साळवे घाबरू शकते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि ते तिनं कोणाला दाखवलं नव्हतं.

हाक मारायला मी तोंड उघडलं आणि थांबले. ती खाडी वाचली होती. तिचं काम खरं ठरलं होतं. या जगात त्या क्षणी ही गोष्ट एका माणसाला ठाऊक होती, आणि ते माणूस साळवे नव्हतं. यादी लागल्यापासून पहिल्यांदा मी तिच्या पुढे होते.

मी तिला लगेच उठवलं नाही. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले आणि थोडा वेळ ते मला एकटीला माहीत असू दिलं.